निवृत्तीनंतर कोकण किनाऱ्याने फिरायला, ट्रेलरवर चढेल अशी छोटी केबिनची बोट: कोणती घ्यावी?

निवांत_चेंबूर
नमस्कार मंडळी. मार्चअखेरीस निवृत्त झालो. फंडाचे पैसे बँकेत पडून आहेत आणि मुलगा रोज फोनवर 'गुंतवा, गुंतवा' करतोय. हा धागा त्याच्या नजरेस पडू नये एवढीच इच्छा.

तरुणपणी ऑफिसातल्या एका साहेबांच्या शिडाच्या बोटीवर कुलाब्याला बरेच हिवाळे खलाशीगिरी केली आहे. शीड, दोर, नांगर यांची ओळख आहे, स्वतःची बोट मात्र कधी नव्हती. आता घ्यायचीच.

काय हवंय ते सांगतो. दोघांना नीट झोपता येईल अशी बंद केबिन. नोव्हेंबर ते मार्च या काळात आठवडा-दहा दिवसांच्या सफरी: मांडवा, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट, जमलं तर दाभोळ. घाई कसलीच नाही. रात्री खाडीत नांगर टाकून बोटीवरच राहायचं. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर. सोसायटीत एकच पार्किंग आहे, त्यामुळे ती पलीकडे कुठेतरी ठेवावी लागणार हे धरून चाललोय.

वाचून वाचून डोकं भंजाळलंय. तीन प्रकार समोर आहेत. पहिला म्हणजे वीस-बावीस फुटी शिडाची, कील (बुडाखालचं तोल राखणारं पातं) वर घेता येणारी, कॅटलिना २२ च्या धर्तीची. दुसरी मॅकग्रेगर २६ सारखी, पोटातल्या टाकीत समुद्राचं पाणी भरून तोल राखते, मागे दणकट इंजिन, शीडही आणि वेगही. तिसरी, शिडाची भानगडच नको म्हणणाऱ्यांची मोटारची केबिन बोट, सी-डोरी वगैरे.

बायकोच्या अटी दोनच. संडास हवा, आणि 'मला दोरी ओढायला लावायची नाही.'

खवचट_खेकडा
चौथा प्रकार: तिकीट काढून मांडव्याला जा, वडापाव खा, शेवटच्या बोटीने परत या. सुकाणू दुसऱ्याच्या हातात असलं की समुद्र फार सुंदर दिसतो.

डोलकाठी
खेकडेराव आले म्हणजे धागा चालणार.

काका, बोटीचं नाव सगळ्यात शेवटी. आधी दोन गोष्टी ठरवा. ती पाण्यात कुठून उतरवणार आणि रात्री कुठे उभी करणार.

तुमच्या यादीतल्या बहुतेक जागा खाड्या आहेत. रेवदंड्याला कुंडलिका, बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी. खाडीचं मुख म्हटलं की गाळ आला, वाळूचा दांडा आला. मुंबईत उधाणाला (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला) भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो. दक्षिणेला जाल तसा तो कमी होत जातो, गोव्यात दोनेक मीटरवर येतो, पण रेवदंडा-राजपुरीपर्यंत चांगलाच जाणवतो. दुपारी जिथे सुखाने नांगर टाकलात तिथे रात्री चिखल उघडा पडलेला असतो. पक्क्या, खोल कीलची बोट अशा वेळी कुशीवर आडवी होते. साठीच्या दोन माणसांनी काय केबिनच्या भिंतीवर झोपायचं? कील वर घेता येत असेल आणि बूड बऱ्यापैकी सपाट असेल तर बोट चिखलात बसते आणि पाणी आलं की आपली आपण उठते.

म्हणून माझ्या लेखी लांबी, बर्थ, ओटा हे सगळं नंतर. कील वर घेतल्यावर बोटीला किती पाणी लागतं, हा आकडा पहिला. झुलत्या कीलच्या कॅटलिना २२ ला दोन फूट, कील सोडली की पाच. ब्रिटिश कॉर्निश श्रिम्पर १९ ला दीड आणि चार. दोन्ही बोटी जुन्या, पण उगाच टिकलेल्या नाहीत. पहिली १९६९ पासून बनते आणि पंधरा हजारांच्या वर पाण्यात उतरल्या, दुसरी १९७९ ची.

नांगराचा हिशेबही आत्ताच करून ठेवा, कारण त्याला लागणारी जागा बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर हवी. ओहोटीला तीन मीटर पाणी असेल तिथे भरतीला सात होणार. दोर सोडायचा तो सातावर, किमान पाचपट. म्हणजे पस्तीस मीटर झाले, त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची धरली की चाळीसला जाता. त्यातली पहिली आठ-दहा मीटर साखळी. आपल्याकडे बंदरात मिळणारा चार दातांचा नांगर खडपात छान धरतो, चिखलात मात्र खरवडत जातो. चिखलाला रुंद पात्यांचा डॅनफोर्थ.

तांडेलाचा_नातू
वरच्याला अनुमोदन. आम्ही वर्सोव्याचे. आजोबा पंचांग बघून भरती सांगायचे. तिथीची पाऊणपट करायची, बस्स. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमाराला, पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, दुपारी आणि मध्यरात्री. छापील तक्ता बघायचाच, पण हे डोक्यात असलं की बेत आखताना फार कामाला येतं.

आता बघा. हौशी माणसं चांदण्यासाठी पौर्णिमा धरतात. पौर्णिमेला भरती दुपारी, म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला पार तळ. दिवसभर चालवून दमलेले तुम्ही अंधार पडायच्या आत खाडीत शिरायला बघणार आणि नेमकं तेव्हाच मुखावर पाणी नाही. त्यात उधाणाची ओढ. त्यापेक्षा अष्टमीच्या आगेमागे निघा. भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक थोडा, ओढ कमी. पहाटेच्या भरतीला खाडीतून सुटलात की ओहोटीच तुम्हाला बाहेर सोडते, संध्याकाळच्या भरतीबरोबर पुढच्या खाडीत आत. चांदणं अर्धंच मिळेल, चालवून घ्या. दाभोळ-रत्नागिरीकडे भरती मुंबईच्या आधी लागते, तेवढं तक्त्यात बघत जा.

दुसरी गोष्ट जाळी. किनाऱ्यालगत डोल लावलेल्या असतात. वर दिसतं काय, तर प्लास्टिकचे डबे, नाहीतर थर्माकोलचा तुकडा आणि काठीला बांधलेली काळी चिंधी. संध्याकाळच्या उन्हात तेही दिसत नाही. म्हणून एक, रात्री चालवायचं नाही. दोन, इंजिन आउटबोर्डच (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं) हवं, म्हणजे पंख्यात दोर गेला तर इंजिन वर उचलून हाताने सोडवता येतो. बुडाखाली पंखा असेल तर कुणाला पाण्यात उतरवणार? आणि सोडवताना जाळं कापायची घाई करू नका. जवळपास होडी असते, हाक मारा. जाळं ज्याचं असतं त्याचं पोट त्यावर असतं.

पाचवं_वल्हं
वाचतोय. तिथीचं गणित वहीत उतरवून घेतलं.

मतलई
मी क्लबात शिडाच्या बोटी चालवते. वय बावन्न, गुडघे पासष्टचे.

वाऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून मतलई वाहते. ती दहा-अकराच्या सुमाराला पडते, मग काही वेळ समुद्र अगदी तेलासारखा, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो तो सूर्यास्तापर्यंत. फेब्रुवारी-मार्चकडे त्याचा जोर वाढत जातो. म्हणजे मुंबईहून दक्षिणेला निघालात की दुपारभर वारा पाठीशी नाहीतर उजव्या कुशीमागे. आणि परत येताना? तोच वारा, तोच वेळ, सरळ तोंडावर. वीस फुटी हलक्या बोटीने आखूड लाटांत वाऱ्यावर चढणं म्हणजे दिवसभर आपटाआपटी. दहा सागरी मैल कापायला पंधरा मैलांची वाकडी वाट. विशीत मजा वाटते.

आणि म्हणूनच मला ट्रेलर महत्त्वाचा वाटतो, पण लोकांना वाटतो त्या कारणासाठी नाही. 'दर शनिवारी गाडीला जोडू आणि निघू' हे चित्र परदेशातलं. चेंबूरहून बोट ओढत बाहेर पडून परत येईपर्यंत रविवार संपेल. आपल्याकडे ट्रेलरचा उपयोग असा: मांडव्याहून वाऱ्याबरोबर आठवडाभर रमतगमत दाभोळपर्यंत जा आणि तिथून बोट रस्त्याने परत आणा. पुढच्या हिवाळ्यात बोट थेट दाभोळलाच उतरवा, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण करा, परत रस्त्याने. वाऱ्याच्या तोंडावर एक दिवसही काढायचा नाही. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग समुद्राकडून बघायचे तर असंच. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हे तीन, आणि खांदेरी चौथा, तो तर मांडव्याहून निघालात की वाटेवरच.

हे पटलं तर बोटीचा प्रकार आपोआप ठरतो. शिडाची, उचलत्या कीलची, मागे सहा ते आठ अश्वशक्तीचं लांब दांड्याचं आउटबोर्ड. आखूड दांड्याचं घेऊ नका, लाटेत पंखा हवेत फिरतो.

खवचट_खेकडा
म्हणजे वाऱ्याशी भांडायचं नाही म्हणून माणगावच्या कोंडीशी भांडायचं.

मतलई
माणगावला चहा मिळतो. खांदेरीबाहेर वाऱ्याच्या तोंडावर नाही मिळत.

निवांत_चेंबूर
मतलईताई, हे एकतर्फी जाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. पण एक शंका. बायकोची दुसरी अट. शिडाची म्हणजे शीडकाठी उभी करणं आलं, आणि ते दोघांचं काम. मोटारची घेतली तर किल्ली फिरवली की झालं. इंधनाचा खर्च सोडला तर मोटारमध्ये वाईट काय?

मतलई
काठीचं सांगते, कारण माणसं तिथेच घाबरतात. बावीस फुटीची काठी सात-साडेसात मीटरची असते, ॲल्युमिनियमची. वजनाला फार नाही, पण आडवी असताना टोकाकडे जो भार येतो तो कंबर मोडणारा. ती हाताने ढकलत उभी करायचीच नाही. बुडाला खिळ घालायची, नाळेकडून एक छोटी आडकाठी लावायची आणि ट्रेलरच्याच विंचने हळूहळू ओढायची. एक माणूस पुरतो. दुसऱ्याने फक्त बघायचं, ते काम वहिनींना द्या, दोरी नाही.

काय बघायचं तेही सांगते. दोन्ही बाजूंच्या तारांना खाली ताण द्यायचे स्क्रू असतात. काठी वर चढताना त्यातला एखादा डेकवरच्या कडीत आडवा अडकतो. तार ताणली जाते, विंच फिरवणाऱ्याला कळत नाही, आणि स्क्रू वाकतो. वाकलेला स्क्रू सरळ करून वापरायचा नाही, पुढच्या वाऱ्यात तिथेच तुटतो. म्हणून काठी अर्धी वर आली की थांबायचं, दोन्ही स्क्रू बोटाने हलवून बघायचे, मग पुढे. आणि काठी वर करण्याआधी आकाशाकडे बघा. कोकणात जेटीच्या रस्त्यावर विजेच्या तारा फार खाली लोंबतात.

मोटारमध्ये वाईट काही नाही. फक्त हिशेब करा. मुंबई ते मुरूड समुद्राने चाळीसेक सागरी मैल. शिडाची बोट नुसत्या छोट्या इंजिनावर पाच नॉटने (ताशी पाच सागरी मैल) आठ तासांत जाईल, पेट्रोल पंधरा लिटरच्या आतबाहेर, आणि वारा लागला तर त्याच्या निम्मं. साठ अश्वशक्तीची मोटार बोट अठरा नॉटने सव्वादोन तासांत पोचेल, पेट्रोल तीस-पस्तीस लिटर. फरक पैशांचा तितका नाही. वाटेतल्या बंदरांत बोटीला पेट्रोल भरायचा पंप नाही, गावातून कॅनने आणायचं, हा आहे. पस्तीस लिटर म्हणजे दोन कॅन, ओहोटीला, चिखलातून, जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून. वय एकसष्ट.

सिएटलकर
सी-डोरीचं नाव आलं म्हणून लिहितो. माझ्याकडे इथे २२ फुटी आहे. फार गुणी बोट. हल (बोटीचं नुसतं अंग) टनाच्या आसपास, रुंदी सात फूट आठ इंच, बूड जवळजवळ सपाट, त्यामुळे कमी इंधनात पळते आणि उथळ पाण्यात चालते. आत उभं राहता येतं, पावसात-थंडीत दार लावून चालवता येते. निवृत्त जोडपी याच बोटी ट्रेलरवर घालून अलास्कापर्यंत जातात.

पण काका, इथलं गणित तिकडे लावू नका. इथे दर काही मैलांवर सरकारी उतार, शेजारी ट्रेलर लावायची जागा, नळ, धक्क्यावर पेट्रोल. आणि ही बंद काचांची केबिन थंड प्रदेशासाठी बांधलेली. मार्चच्या दुपारी दिघीला तुम्ही त्यात बसलात तर इडल्या होतील. सपाट बुडाचा तोटाही आहे, समोरून आखूड लाट आली की धाडधाड आपटते. दुपारच्या वायव्येत परत मुंबईला येताना हेच होणार.

डोलकाठी
मॅकग्रेगरवर दोन शब्द, कारण तिच्या जाहिराती बघून माणसं खुळी होतात. कल्पना हुशारीची आहे. रस्त्यावर टाकी रिकामी, बोट हलकी. पाण्यात उतरली की सहाशे-सातशे किलो पाणी आत, तोल सावरला. पण हा हलकेपणा उपयोगाचा कुणाला, तर स्वतःच्या गाडीने ओढणाऱ्याला. तुम्ही वर्षातून दोन-तीनदा भाड्याच्या वाहनाने नेणार, तुम्हाला दोनशे किलो इकडे-तिकडे काय फरक पडतो? उलट उंच, हलकी बोट मुंबई बंदरातल्या ओढीत आणि वाऱ्यात भरकटते. क्रेनने उचलायची तर आधी टाकी रिकामी करत बसा. आणि २०१३ नंतर त्या नावाने ती बनत नाही.

आरटीओ_पीडित
रस्त्याचं मी सांगतो, अनुभव घेतलाय (बोटीचा नाही, घोड्याच्या ट्रेलरचा).

मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही वाहनच. त्याला नोंदणी, नंबर प्लेट, दिवे सगळं लागतं. वेल्डरकडून बनवून घेतला आणि जोडला, असं चालत नाही. रुंदीची मर्यादा २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. वर आलेल्या बोटी तीत बसतात. मग तुमच्या गाडीच्या पुस्तकात किती वजन ओढायला परवानगी आहे ते वाचा. आपल्याकडच्या कित्येक गाड्यांच्या पुस्तकात साफ मनाई असते. हजार किलोची बोट, इंजिन, पेट्रोल, पाणी, सामान, शिवाय ट्रेलरचे तीन-चारशे किलो. दीड टन धरून चाला. कशेडी, वडखळ, पावसाने उखडलेले तुकडे. स्वतः ओढायचा नाद सोडा.

सोपा मार्ग असा. बोटीसाठी लोखंडी पाळणा बनवून घ्या. ती पाळण्यासकट भाड्याच्या ट्रकवर चढवा, चढवा-उतरवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन. हायड्रा कुठल्याही तालुक्याच्या गावात मिळते, आणि तिचा ड्रायव्हर रोज याहून जड वस्तू उचलतो. फक्त पट्टे रुंद कापडी वापरायला सांगा, साखळी लावू देऊ नका, आणि पट्टा कुठे बसवायचा तिथे बोटीवर आधीच रंगाने खूण करून ठेवा. नाहीतर पट्टा कीलच्या खोबणीवर बसतो.

तांडेलाचा_नातू
उतरवायला जंगलजेटीचे (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीचे) उतार आहेत की. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. फेरीबोट लागायला काँक्रीटचा उतार आहेच. परवानगी काढून, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, भरतीला. चहापाणी करून गोडीने विचारलं तर माणसं उलट मदतीला येतात. अरेरावी केली तर बोट ट्रकवरच राहील.

नेहमी ट्रेलर खाऱ्या पाण्यात घालणार असाल तर चाकांची बेअरिंग जातात. लांबून आल्यावर ती तापलेली असतात. तशीच थंड पाण्यात बुडवली की आतली हवा आकसते आणि खारं पाणी आत खेचलं जातं. आधी अर्धा तास थांबायचं.

निवांत_चेंबूर
कागदपत्रांचं कुणी सांगेल का? मुंबईत २६/११ नंतर समुद्रावर विचारपूस बरीच होते असं ऐकून आहे.

किनारपट्टी
होते, आणि व्हायलाच हवी. बोटीची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. नंबर दोन्ही बाजूंना ठळक. मालकाची ओळखपत्रं, विम्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत बोटीवरच. रात्री खाडीत मुक्काम करणार असाल तर गावच्या बंदर कार्यालयात आणि पोलीस चौकीत आधी सांगून या. नाहीतर रात्री दोन वाजता टॉर्च तोंडावर येईल आणि वहिनींची झोपमोड होईल. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, दोन्ही सुकाणूजवळ चिकटवून ठेवा. व्हीएचएफ रेडिओ घ्या, रीतसर परवान्यासकट, चॅनेल १६ उघडा ठेवा. परदेशातून कुणी सॅटेलाइटवर मेसेज पाठवणारं यंत्र भेट दिलं तर घेऊ नका, विनापरवाना बाळगलं तर सरळ गुन्हा.

मुंबई बंदरात नौदलाचा भाग, तुर्भ्याचा भाभा अणुसंशोधन केंद्राचा किनारा, जवाहर द्वीपाचा तेलधक्का, यांच्या आसपास फिरकायचं नाही. घारापुरीला रात्री राहता येत नाही. जेएनपीएकडे (न्हावाशेवा बंदराकडे) जाणाऱ्या कंटेनर जहाजांच्या वाटेत शीड लावून 'आम्हाला अग्रक्रम' म्हणत बसू नका. अरुंद वाटेत वीस मीटरखालच्या बोटीने आणि शिडाच्या बोटीने त्यांना अडवायचं नाही असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. शिवाय ती थांबूही शकत नाहीत.

जॅकेट डेकवर असताना अंगावरच. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेली फेरीबोट नौदलाच्या बोटीच्या धडकेने बुडाली, ते सगळ्यांना आठवत असेल.

कराचं: नवी घ्याल तर हौसेच्या बोटींवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी. 'मासेमारीची दाखवू' म्हणणारा एजंट भेटेल, त्याला दारातूनच परत पाठवा.

खवचट_खेकडा
४० टक्के! काका, मुलाला फोन लावा.

फायबर_डॉक्टर
म्हणूनच जुनी बघा. इथे शिडाच्या बोटी अधूनमधून विकायला निघतात. बघायला जाताना नवा रंग, नव्या गाद्या यांना भुलू नका. मी काय बघतो ते सांगतो.

स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन डेकवर चार-चार बोटांवर टकटक करत जायचं. चांगल्या जागी टणक, कोरडा आवाज येतो. जिथे दोन थरांमधलं लाकूड कुजलंय तिथे आवाज बसतो, 'थप' असा. सगळ्यात आधी कुजतं ते कड्या, खांब, खिडक्या जिथे स्क्रूने बसवल्यात त्यांच्या भोवती, आणि काठीच्या बुडाखाली. तिथे थप आला तर भाव निम्मा करा, नाहीतर घरी या.

मग कील. ती पूर्ण खाली सोडायला लावा, बोट हायड्रावर टांगलेली असतानाच. ज्या पिनवर ती झुलते ती बाहेर काढून बघा. मधोमध झिजून कंबर पडली असेल तर ती बदलायची. कीलही त्या भोकात किती हलते ते हाताने ढकलून बघा. वर खेचायची तार गंजलेली असणारच, ती मी न बघताच नवी धरतो. खोबणीत बार्नॅकल (बुडाला चिकटणारे कवचाचे जीव) आणि वाळलेला चिखल भरून कील अडकलेली असते, मालक म्हणतो 'परवाच वर-खाली केली'. करून दाखवा म्हणायचं.

केबिनमध्ये नाक वापरा. दमट वास येईलच, पेट्रोलचा वास येता कामा नये. पेट्रोलची टाकी बंद कप्प्यात असेल तर कप्प्याच्या तळाला हवा जायला भोक हवं, पेट्रोलची वाफ खाली बसते.

घरीच बांधायचा किडा चावला तर आयएस ७१० छापाचं मरीन प्लायवूड आणि इपॉक्सी, असा एक रस्ता आहे. पण तुम्हाला बोट चालवायची आहे का बांधायची आहे? बांधायला घेतलेल्या बोटी मी गॅरेजात पाहिल्या आहेत, त्यांत मुलांचे जुने क्रिकेट किट ठेवलेले असतात.

निवांत_चेंबूर
सगळ्यांचे आभार. काल रात्री सगळा धागा बायकोला वाचून दाखवला. शिडाची, उचलत्या कीलची, वीस फुटांच्या आसपास, जुनी, आणि पाळणा-ट्रकवाला बेत, असं घरात मंजूर झालंय. 'परत येताना रस्त्याने' हे कळल्यावर तिचा विरोध एकदम मावळला. तिचं माहेर दापोलीकडचं.

दोन व्यवहारी प्रश्न उरले. मी रात्री श्वासाचं मशीन लावून झोपतो. ते बोटीवर चालेल का? आणि संडास.

डोलकाठी
मशीन चालेल. त्याचा पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर बहुतेक मशिनं तीस-चाळीस वॅट घेतात. आठ तासांचे अडीचशे-तीनशे वॅट-तास. शंभर अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साडेबाराशेच्या वर देते. दिवे, फोन, पंखा धरूनही दोन-तीन रात्री निघतील, वर शंभर वॅटचं सौर पॅनेल टाकलं की चिंता मिटली. पंखा विसरू नका, एक तिच्या डोक्याशी, एक तुमच्या.

संडास म्हणजे पेटीसारखा, खालचा डबा वेगळा होणारा. जोडायला पाइप नाही, बोटीला भोक नाही. घेताना एवढंच बघा की त्यावर बसल्यावर डोकं छताला लागत नाही ना. कॅटलॉगमधल्या फोटोत त्यावर कुणीच बसलेलं नसतं. डबा किनाऱ्यावर जाऊन रिकामा करायचा, खाडीत नाही. रात्री उठायची वेळ आलीच तर कठड्यावर उभं राहून काही करायचं नाही, साठीच्या पुढच्या पुरुषांना हे मुद्दाम सांगतो.

मतलई
मच्छरदाणी. केबिनच्या दाराला आणि वरच्या झाकणाला, चुंबकाची पट्टी लावलेली. खारफुटीपासून नांगर शक्य तितका दूर, वारा लागेल असा. शिवाय कॉकपिटवर (केबिनमागची उघडी बसायची जागा) ताडपत्रीची सावली. केबिन झोपण्यापुरती, दिवस सगळा बाहेरच जातो. कॉकपिटमध्ये पाय पसरून दोघं आडवी होऊ शकता का ते बोट बघताना करूनच बघा, लाजू नका. आणि मागे शिडी हवी, पाण्यात निदान दोन-तीन पायऱ्या बुडणारी. पाण्यातून नुसत्या हातांनी वर चढणं आपल्या वयात होत नाही.

निवांत_चेंबूर
करंज्याला एक बघायला बोलावलंय. एकोणीस फुटी, झुलती कील, मालक परदेशी गेलेला, त्याचा मेव्हणा दाखवणार आहे. शनिवारी सप्तमी आहे, म्हणजे सातांचे पाऊण सव्वापाच. संध्याकाळी सव्वापाचच्या भरतीला पाण्यात उतरवून बघता येईल ना?

तांडेलाचा_नातू
गणित बरोबर, पण सप्तमी म्हणजे भांग. पाणी धक्क्याला फार चढणार नाही. सव्वापाचला बोट तरंगताना बघा, पण त्याआधी दुपारी या, बोट कोरडी असताना. मेव्हण्याला सांगा हायड्रा दोनलाच बोलवायला.

फायबर_डॉक्टर
मी येतो. स्क्रूड्रायव्हर माझा, हायड्राचे पैसे तुमचे.